सुई उचलायची नाही

डॉक्टरांनी जन्मभर लोकांचे दात काढले, पण दात धरला तो एकाच माणसावर. बायकोच्या थोरल्या भावावर.

हा मेहुणा रेडिओवर निवेदक होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आवाज काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. जेवताना त्याने मीठ मागितलं तरी पाठोपाठ बातम्या लागतील असं वाटायचं. गाव त्याला निवेदक म्हणे आणि डॉक्टरांना दातवाले. आजोबा, वडील आणि ते स्वतः, तिघांनी एकाच खोलीत, एकाच खिडकीच्या उजेडात गावाचे जबडे सांभाळले होते.

डॉक्टरांना नाद जुन्या रेकॉर्डांचा. पण सगळे जमवतात तसल्या नाहीत. मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डांकडे ते ढुंकूनही बघत नसत. त्यांना हव्या असत गावांनी स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतलेल्या रेकॉर्डा. एके काळी जरा बरे दिवस आलेलं प्रत्येक गाव वर्गणी काढून आपल्या कौतुकाचं गाणं करून घेई. शे-दोनशे तबकड्या निघत, गावातच खपत, आणि वेशीबाहेर कोणी त्या फुकटही घेत नसे. डॉक्टरांकडे अशा कपाटभर होत्या. एका गावाने आपल्या पुलाचं गाणं केलं होतं. पूल वाहून गेला, गाणं कपाटात सुखरूप होतं. एकाने साबणाच्या कारखान्यावर दोन्ही बाजू खर्ची घातल्या होत्या. एकाने आपल्या निरोगी हवेवर गाणं रचलं होतं, आणि त्यात गायक दुसऱ्या कडव्याला खोकला होता.

नव्हती ती फक्त स्वतःच्या गावाची. आणि हवी होती तीच, कारण ती डॉक्टरांच्या आईने गायली होती.

आई गेली तेव्हा डॉक्टर इतके लहान होते की तिचा आवाज आठवतो असं ते स्वतःला नुसतं सांगत असत. घरातली प्रत आजोबांनी पायरीवर आपटून फोडली होती. सुनेने गाणं त्यांना चाललं होतं, ते शेजाऱ्यांनी ऐकणं चाललं नव्हतं. लेबलावर म्हणे ‘एक घरंदाज स्त्री’ एवढंच छापलेलं होतं. घरंदाज स्त्रीला त्या काळी गाता येत असे, नाव लावता येत नसे.

मग एके दिवशी भंगारवाल्या बाईच्या दुकानात, तळाच्या ढिगात, डॉक्टरांना ‘एक घरंदाज’ एवढी अक्षरं असलेली लेबलाची कड दिसली. वर जुन्या शिलाई मशिनांचा डोंगर होता. “उद्या सकाळी या, माणसं लावून काढून ठेवते,” बाई म्हणाली. त्या संध्याकाळी मेहुणा जेवायला होता. डॉक्टरांच्या पोटात आनंद मावेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. दुकान कुठलं, ढीग कुठला, आणि आवाज कोणाचा, तेही.

सकाळी ते पोचले तेव्हा भंगारवाली म्हणाली, “अहो, तुमच्या घरचेच येऊन घेऊन गेले की! काय गोड बोलतात हो.”

एवढ्यावर भागलं असतं तर डॉक्टरांनी दातओठ खाऊन सोडून दिलं असतं. पण पुढच्याच महिन्यात निवेदकांनी वाचनालयात भाषण ठेवलं. रेकॉर्ड वाजवली, टाळ्या घेतल्या आणि घशातला खास राखीव आवाज काढून जाहीर केलं, “ही घरंदाज स्त्री दुसरी-तिसरी कोणी नसून माझी सख्खी काकू होय.”

डॉक्टर पहिल्या रांगेत होते. आईचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो असा, मेहुण्याच्या काकूचा म्हणून.

“अगं, तुझी काकू गात कधी होती?” घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं.

“आंघोळीला गेली की गुणगुणायची म्हणे.”

“आंघोळीच्या रेकॉर्डा निघत नाहीत.”

“दादा उभा जन्म रेडिओवर होता. त्याला आवाजातलं कळणार नाही? आणि तुमच्याकडे तरी काय पुरावा आहे हो?”

पुरावा नव्हता. खरी कळ तिथेच होती.

डॉक्टरांनी रेकॉर्ड एकदा ऐकायला मागितली. निवेदक हसून म्हणाले, “दाजी, मागाल ते देईन. माझी काकू सोडून.” त्या दिवसापासून डॉक्टरांनी मागणं सोडलं आणि वाट बघायला सुरुवात केली. दातांच्या धंद्यात एक गोष्ट माणूस शिकतोच. आज ना उद्या प्रत्येक जण येऊन तोंड उघडतो.

वाट बघता बघता त्यांच्या हाती भलतंच घबाड लागलं. नदीपलीकडच्या गावाची रेकॉर्ड. या दोन गावांचं इतकं हाडवैर की नदीला दोन्ही गावं आपापली म्हणत आणि पूर आला की दुसऱ्याची. डॉक्टरांनी तबकडी मऊ ब्रशने पुसली, ग्रामोफोनला चावी दिली आणि सुई टेकवली. लागलं तेच गाणं! तीच चाल, तेच शब्द: ‘असं पाणी, अशी माती, असं गाव दुसरं नाही.’ फक्त गावाचं नाव बदललेलं. कंपनीने एकच गाणं दोन्ही गावांना विकलं होतं, आणि दोन्ही गावं तेव्हापासून छाती काढून चालत होती.

आवाजही तोच होता.

डॉक्टर इतके हादरले की सुई उचलायची विसरले. गाणं संपलं. खरखर चालू राहिली. आणि मग, लांबून कोणी हाक मारावी तसा, गाण्याच्या बाहेरचा, साधा बोलण्यातला आवाज आला: “दातवाल्यांची धाकटी सून.”

डॉक्टर खुर्चीत बसले. रोग्यांच्या खुर्चीत, कारण तीच जवळ होती.

ही पद्धत त्यांना ऐकून ठाऊक होती. तबकड्या दूरदेशी कारखान्यात बनत. तिथल्या लोकांना भाषा कळत नसे, म्हणून लेबलं चुकू नयेत यासाठी गाणाऱ्याने शेवटी आपण कोण ते बोलायचं. मोठ्या कंपन्यांनी हे केव्हाच बंद केलं होतं. गावांची गाणी काढणाऱ्या या कंपनीने केलं नव्हतं, कारण तिची लेबलं तरीही चुकत. म्हणजे मेहुण्याकडच्या रेकॉर्डवरही शेवटी आई बोललेली असणार. मग ते कोणी ऐकलं कसं नाही?

डॉक्टरांनी वाचनालयातला प्रसंग डोळ्यांपुढे आणला आणि त्यांना हसू फुटलं. रेडिओवाल्याला शांततेचं भय. निवाडा ऐकवण्याआधी कोर्टात पसरते तशी ती अंगावर येते. गाण्याचा शेवटचा सूर विरतो न विरतो तोच निवेदकांनी झडप घालून सुई उचलली होती आणि बोलायला सुरुवात केली होती. त्या माणसाने एकट्याने रेकॉर्ड ऐकणं शक्य नव्हतं. श्रोते नसतील तर ऐकायचं कशाला?

आता फक्त एवढंच हवं होतं, की भरल्या सभेत निवेदकांनी तोंड मिटून बसावं. यापेक्षा नदी उलटी वळवणं सोपं होतं.

नगरपालिकेला शंभर वर्षं झाली. सभागृहात सोहळा ठरला, पत्रिकेत ‘निवेदक यांच्या काकूंचे दुर्मिळ गीत’ असं छापून आलं. आणि त्याच दिवशी सकाळी निवेदक गाल धरून डॉक्टरांच्या दारात उभे राहिले.

“दाजी, मेलो. दाढ. संध्याकाळी कार्यक्रम आहे हो!”

“या, दादा, या,” डॉक्टर इतक्या मायेने म्हणाले की आतून बायको धावत आली.

तिने नवऱ्याला बाजूला घेतलं. “अहो, माझा भाऊ आहे तो. काही वेडंवाकडं कराल तर बघा.”

“अगं, मी डॉक्टर आहे.”

“म्हणून तर सांगतेय.”

डॉक्टरांनी काही वेडंवाकडं केलं नाही. दाढ खरोखरच किडलेली होती, बघून त्यांना जवळजवळ वाईट वाटलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, हळुवार हाताने दाढ काढली, खड्ड्यावर कापसाची घडी ठेवली आणि म्हणाले, “घट्ट चावून धरा. अवाक्षर बोलायचं नाही.”

निवेदकांनी बोटांनी विचारलं, किती वेळ?

पुस्तकात अर्धा-पाऊण तास म्हटलेलं आहे. “रात्री झोपेपर्यंत,” डॉक्टर म्हणाले. “नाहीतर रक्त थांबायचं नाही. आवाजावरही परिणाम होतो कधी कधी.”

आवाज म्हटल्यावर निवेदकांनी जबडा असा आवळला की उरलेल्या दातांची डॉक्टरांना काळजी वाटली.

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं होतं. नगराध्यक्षांनीच प्रास्ताविक केलं आणि निवेदकांच्या त्यागाबद्दल चार शब्द सांगितले. दाढ काढलेली असूनही ते आले, याला त्याग म्हणतात. निवेदक फुगल्या गालाने व्यासपीठावर बसले होते. रेकॉर्ड लावण्याचा मान मेहुण्याच्या नात्याने दाजींकडे आला, कारण बोलल्याशिवाय एखादं काम करणं निवेदकांना जमेना.

गाणं लागलं. ‘असं गाव दुसरं नाही’ या ओळीला लोकांनी मान डोलावली. नदीपलीकडचेही असेच डोलले असते, हे डॉक्टरांना ठाऊक होतं, पण आज तो विषय नव्हता. शेवटचा सूर विरला. टाळ्या झाल्या. निवेदकांचा हात सवयीने पुढे आला. डॉक्टरांनी तो मधेच धरला, एखाद्या रोग्याचा धरावा तसा, प्रेमाने आणि सुटता येणार नाही असा.

“ऊं?” निवेदक म्हणाले.

“सुई उचलायची नाही, दादा.”

खरखर. टाळ्या थांबल्या. लोक एकमेकांकडे बघू लागले. नगराध्यक्षांनी घसा खाकरला. खरखर चालूच. डॉक्टर तबकडीकडे वाकले. ही प्रत वेगळी असेल तर? त्या दिवशी ती बोललीच नसेल तर?

आणि मग ती बोलली.

“दातवाल्यांची धाकटी सून.” थोडं थांबून, कोणाकडे तरी वळून: “झालं का? जाऊ मी? पोर रडतंय बाहेर.”

ते पोर आता पांढऱ्या केसांचं होऊन व्यासपीठावर उभं होतं आणि मेहुण्याचा हात सोडायचं विसरलं होतं.

निवेदक उठले. बोलण्यासारखं खूप होतं, आणि त्यांनी कापूस धरून ते सगळं बोलायचा प्रयत्न केला. बाहेर फक्त “ऊं ऊं” आलं. पहिल्या रांगेतून त्यांची बहीण खणखणीत आवाजात म्हणाली, “दादा, आपली काकू दातवाल्यांच्या घरात कधी दिली होती रे?”

हशा इतका मोठा झाला की तो पलीकडच्या गावाला ऐकू गेला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवेदक आले. रेकॉर्ड टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “घ्या, दाजी. पण लोकांना सांगा, मला माहीत नव्हतं म्हणून.”

“जेवताना मीच सांगितलं होतं तुम्हाला.”

निवेदक गप्प राहिले. कापूस नसताना गप्प राहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. बायकोने चहा ठेवला आणि नवऱ्याला दटावलं, “पुरे झालं आता. सोडून द्या.”

“दिलं सोडून,” डॉक्टर म्हणाले. आणि मेहुण्याची हनुवटी धरून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. “आ करा. खड्डा छान भरतोय. वरची दाढ मात्र हलते आहे, दादा. येईल काढायला.”

निवेदक गेल्यावर त्यांनी आईची रेकॉर्ड कपाटात ठेवली, पलीकडच्या गावाच्या रेकॉर्डशेजारी. ती दुसरी अजून कोणालाच ऐकवलेली नव्हती. भंगारातून आणलेल्या त्या दुर्मिळ रेकॉर्डवर भाषण करत निवेदक आजवर, नदीपलीकडचं सोडून, आसपासच्या सात गावांत सत्कार घेऊन आले होते, आणि ‘असं गाणं जगात दुसरं नाही’ हे त्यांनी प्रत्येक ठिकाणी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

डॉक्टरांनी कपाटाला कुलूप लावलं. वरच्या दाढेला अजून अवकाश होता.