घरातील प्रौढ व्यक्ती : दोन

व्हर्लीन टॉस्ट्रूडचा नवरा ऑर्लिन जाऊन सव्वीस महिने झाले होते. हॅलवर्ड गावात ही गोष्ट कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त परवाना कार्यालयाला. व्हर्लीन घरातच पाळणाघर चालवायची, आणि त्या घरात राहणारी मोठी माणसं सरकारदरबारी अजून दोन होती.

फसवायचं असं तिच्या मनात नव्हतं. परवान्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म ऑर्लिनला पुरल्यानंतर अकराव्या दिवशी आला. आदल्या वर्षीची नावं त्यावर आधीच छापलेली असत आणि खाली एक ओळ असे : काही बदल नसेल तर सही करा. ओट्यावर शेजारणींनी दुखवट्याला पाठवलेल्या हॉटडिशची, भट्टीत भाजलेल्या जेवणाची, रिकामी भांडी पडली होती, कुठलं कोणाचं ते कळत नव्हतं. ऑर्लिन टॉस्ट्रूड, पती, वय एकसष्ट. गावच्या वर्तमानपत्रातही त्याचं नाव आलं होतं, पण ते काळ्या चौकटीत. इथे तो नुसता घरी राहत होता. तिने सही केली. पुढच्या दोन्ही वर्षीही केली, आणि तेव्हा मात्र आपण खोटं करतोय हे तिला पक्कं माहीत होतं. पकडली गेली तर परवाना जाणार. परवाना गेला की चार पोरं जाणार, आणि सकाळी सातपासून पाचपर्यंतचा दिवसही रात्रीसारखाच मुका होणार. रात्रीच तिला पुरून उरत होत्या.

आगीच्या सरावाचंही तेच. महिन्यातून एकदा घंटा वाजवायची, सगळ्यांनी रस्त्याकडेच्या टपालपेटीपाशी जमायचं, डोकी मोजायची आणि मोजणी पुरी होईपर्यंत कोणी हलायचं नाही, हा नियम. ऑर्लिन होता तेव्हा गॅरेजमधून कुरकुरत यायचा, हाताला ग्रीस तसंच. "चार पोरं, मी पाच, ऑर्लिन सहा," असं ती मोठ्याने मोजायची. तो गेल्यावरही ती सहापर्यंतच मोजत राहिली. पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या लेखी मोजणी सहाला संपते, बस्स.

जुने तपासनीस आधी फोन करून यायचे, कॉफी प्यायचे आणि सही करून जायचे. ते निवृत्त झाले. नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, पोरं नुकतीच दुपारची झोपली असताना, दारात न कळवता एक तरुण बाई उभी राहिली. नवी तपासनीस, नाव मरेसा क्वेड. काखेत फाइल, खिशात तापमापक.

"कॉफी टाकते," व्हर्लीन म्हणाली.

"नको हो, आम्हाला काही घ्यायला मनाई आहे."

"अगं, कॉफी देतेय. शेत नाही लिहून देत."

मरेसा हसली, पण घेतली नाहीच. तिने नळाच्या गरम पाण्यात तापमापक धरला, धूर ओळखणाऱ्या यंत्रांचे दिवे तपासले, पाळण्यात श्वास कोंडेल अशी उशी-गोधडी नाही ना ते वाकून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. चोवीस वर्षांत व्हर्लीनने एक बोटभर चूक होऊ दिली नव्हती. तसा अभिमानही होता तिला.

"पोलीस तपासणीसाठी यजमानांच्या बोटांचे ठसे पाच वर्षांनी परत द्यावे लागतात," मरेसा फाइल चाळत म्हणाली. "मुदत संपलीय. आहेत का घरात?"

"धान्याच्या कोठारावर गेलाय."

"कधी येतील?"

"त्याचं काही सांगता येत नाही," व्हर्लीन म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

मग औषधांची पेटी. ती वरच्या फळीवर, कुलपात. व्हर्लीनने सवयीने किल्ली दिली आणि दिल्यावर तिला आतल्या बाटलीची आठवण झाली. मरेसा एकेक बाटली उचलून मुदतीची तारीख वाचू लागली. पोरांचं तापाचं औषध ठीक. मलम ठीक. तिसरी बाटली ऑर्लिनची, हृदयाच्या गोळ्यांची. जवळजवळ भरलेली.

"हिची मुदत तर कधीच संपलीय. रोजच्या गोळ्या आहेत या, आणि..." मरेसाने बाटली हलवली. बाटलीवरची तारीख पुन्हा वाचली. मग तिने व्हर्लीनकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून खाली बसली.

"व्हर्लीनबाई, ते कोठारावर नाहीत ना?"

"नाही."

आतल्या खोलीत एक पोर झोपेत कुशीवर वळलं. दोघींनी कान देऊन ते ऐकलं.

"यात तुमचा फायदा काय होता? दोन मोठी माणसं दाखवून पोरं वाढवून घेतली नाहीत, काही नाही."

"फायदा?" व्हर्लीन म्हणाली. "वर्षातून एकदा कोणीतरी त्याचं नाव घरात राहणाऱ्यांत छापून पाठवायचं. इथले लोक चांगले आहेत गं. पण ते त्याचं नावच घेत नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून."

मरेसाने गोळ्यांची बाटली टेबलावर ठेवली. "खोटी माहिती असं लिहिलं तर परवाना जाईल," ती म्हणाली. "मी 'बदल उशिरा कळवला' असं लिहिते. पण तशा नोंदीची सूचना दोन वर्षं दारात लावावी लागेल, पालकांना दिसेल अशी. आणि हा फॉर्म आत्ता भरायचा."

"तूच भर ना, पोरी."

"मला चालत नाही. तुमच्याच हातचं लागतं."

फॉर्म लहानसा होता. नाव. घर सोडल्याची तारीख. कारण. तिथपर्यंत व्हर्लीनचा हात नीट चालला. शेवटचा प्रश्न होता : सदर व्यक्ती पुन्हा राहायला येण्याची शक्यता आहे का? हो. नाही. दोन चौकोन. व्हर्लीनने पेन टेकवलं आणि उचललं. मरेसा उठून खिडकीपाशी गेली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. व्हर्लीनने 'नाही'वर खूण केली. त्या क्षणापर्यंत तिने ते कुणालाच, स्वतःलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

परवाना वाचला होता. तिला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाची पाळी होती. घंटा वाजली, पोरं कोट अडकवून टपालपेटीपाशी रांगेत उभी राहिली. वारा बोचत होता. व्हर्लीनने चार डोक्यांवर हात ठेवला, मग स्वतःच्या छातीवर.

"पाच," ती म्हणाली. "झालं. चला आत."

कोणीच हललं नाही. चार वर्षांची टिल्डा मोजणीची फार पक्की. तिने टपालपेटीचा खांब घट्ट धरून ठेवला.

"व्हर्लीन आजी, सहा राहिले."

"नाही गं. आता पाचच."

टिल्डाने गॅरेजच्या बंद दाराकडे पाहिलं. मोजणी पुरी होईपर्यंत हलायचं नाही, हे तिला व्हर्लीननेच शिकवलं होतं. ती तशीच उभी राहिली, आणि तिच्या मागे बाकीची तीन. व्हर्लीनही उभी राहिली.