तांत्रिक सल्लागार

चौऱ्याहत्तर साली आमच्या पोलाद कारखान्यात एका सिनेमाचं चित्रीकरण झालं. पुढल्या वर्षी एका रविवारी दुपारी तो कारखान्याच्याच क्लबात लागला. नायक भट्टीप्रमुख होता आणि त्या नटाला भट्टीचं काम माझ्या वडिलांनी शिकवलं होतं. पडद्यावर ‘तांत्रिक सल्लागार : येफिम पोरोशिन’ असं वडिलांचं नाव आलं तसं मागून कुणीतरी ओरडलं, “येफिम सावेलिच, भट्टीपुढे तुमच्यापेक्षा नटच शोभतो हो!”

“त्याला शोभण्याचाच पगार आहे,” वडील म्हणाले. आई खुदकन हसली.

सिनेमात नायकाचा मुलगा बापाशी भांडून दूरच्या बंदराकडे निघतो. गाडी सुटायची आणि पोलाद ओतायची वेळ एकच. नायक भट्टी मदतनिसावर सोपवतो आणि काजळल्या कपड्यांनिशी स्टेशनाकडे धावतो. टाळ्यांचा कडकडाट झाला. आईचे हात मांडीवरच राहिले.

माझा भाऊ रोदिओन असाच भांडून दूर व्लादिवोस्तोक बंदरात गेला होता. निघण्याआधी रिवाजाप्रमाणे आम्ही त्याच्याबरोबर क्षणभर गप्प बसलो. वडिलांची जागा रिकामी होती. स्टेशनावर येतो म्हणाले होते, आले नाहीत. भट्टी सोडून बाप येऊच शकत नव्हता, असं आई त्याला पत्रांतून वर्षानुवर्षं पटवत आली. अखेर त्याला पटलं. या उन्हाळ्यात तो पहिल्यांदाच घरी येणार होता.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, “येफिम, ते स्टेशनाचं सिनेमावाल्यांनी मनानंच घातलं ना?”

“मला विचारलं होतं त्यांनी. असं जाता येतं का, म्हणून.”

“मग?”

“येतं म्हणालो. मदतनीस ओतू शकतो. त्या दिवशी तर साधंच पोलाद होतं.”

मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलादाचे नमुने तपासते. साधं पोलाद मदतनीस ओतू शकतो, हे खरं होतं.

“कुठल्या दिवशी?” आईने विचारलं.

“रोदिओन गेला त्या दिवशी,” वडील म्हणाले.

“आणि मी पोराला काय काय सांगत राहिले!”

“माफी मागायची होती, ग्लाशा. शब्द सुचेनात. भट्टीपुढे उभं राहणं सोपं वाटलं.”

“नाही सुचले तर नुसतं उभं राहायचं! तो काय भाषण ऐकायला थांबला होता?”

तेवढ्यात शेजारच्या आग्नियाबाई आल्या. “ग्लाशा, नशीबवान गं तू! नवऱ्याचं नाव पडद्यावर!”

“हो ना,” आई म्हणाली. त्या गेल्यावर तिने मला विचारलं, “हा सिनेमा तिकडेही लागेल?”

“सगळीकडे लागेल, आई.”

“त्याआधी मी जातो,” वडील म्हणाले. “समोर बसून सांगतो त्याला.”

“एवढी रजा मिळेल?”

“मिळते. मी कधी मागितलीच नव्हती.”

 आई आमच्या पुढे चालू लागली.