मिरची वाळेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी परात आहे. स्टीलची, चांगली रुंद, काठाला एक पोचा पडलेली. सिंगापूरला यिशुनमधल्या एका नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सिंकखालच्या कपाटात मला उभं करून ठेवलं आहे. माझ्या अंगाला फिनाइलची बाटली टेकलेली असते. परातीला फिनाइलचा शेजार! पूर्वी मी यावरून आकाशपाताळ एक केलं असतं, आता काही वाटत नाही.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यातला. पत्रा कापला, दाबला, काठ वळवला, झाले मी तयार. साधनाबाईंनी मला तुळशीबागेतून घेतलं, तेही चार ठिकाणी टिचकी मारून. दुकानदाराने टकटक करत माझ्या काठावर त्यांचं नाव घातलं. त्या दिवसापासून मी त्यांची. रोजची कणीक माझ्यातच मळायच्या, पण माझा खरा मान उन्हाळ्यातला. सांडगी मिरची वाळवायचं काम फक्त माझ्याकडे असायचं.

तुम्ही खाल्ली आहे ना सांडगी मिरची? जाड, बेताची तिखट मिरची मधोमध चिरायची. आत मीठ, धणे, मेथी, हिंग भरायचं. रात्री ताकात बुडवायची, दिवसा उन्हात टाकायची, ताक पार जिरेपर्यंत. मग तळून दहीभातात चुरायची. अहाहा! साधनाबाई मात्र भारी कडक. "बोटांनी मोडून बघा. कट्कन मोडली तरच वाळली, वाकली तर कच्ची," असं त्या म्हणायच्या. त्यांचे यजमान उद्धवराव "हो हो" म्हणायचे आणि पाठ वळली की एखादी ओलीच मिरची तोंडात टाकायचे.

पुढे साधनाबाई विसरायला लागल्या. आधी गॅस, मग रस्ता, मग माणसं. त्यांचा मुलगा निशिकांत इथे आयटीत मॅनेजर आहे, त्याने दोघांना इकडे आणलं. निघताना साधनाबाईंनी मला साडीत गुंडाळून बॅगेत घातलं. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

इथे आल्यावर त्यांचं जेवण सुटत गेलं. सून अनघा ऑफिसला जाण्याआधी दहीभात कालवून भरवायला बसायची आणि त्या ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. एकदा अनघाने लिटल इंडियातून पाकिटातली सांडगी मिरची आणून तळली. साधनाबाईंनी एक तुकडा चावला आणि थुंकला.

"ही बाजारची," त्या म्हणाल्या. "घरची संपली का?"

सगळे थक्क झाले. किती दिवसांनी त्या असं अख्खं वाक्य बोलल्या होत्या! उद्धवरावांचे डोळे भरून आले.

"संपली गं," ते म्हणाले. "मी करतो."

मी करतो, म्हणे! जन्मात कधी कुकर लावला नव्हता या माणसाने. मला हसूच आलं.

इथल्या बाजारात मिळते ती चिली पाडी, बोटाच्या पेराएवढी आणि जाळ. म्हणून त्यांनी पुण्याहून बी मागवलं आणि कॉरिडॉरमध्ये कुंड्या मांडल्या. पहिल्या रोपांवर मावा पडला, ती गेली. दुसरी जगली. उद्धवराव पहाटे उठून पानं उलटी करून पुसायचे. जाड, पोपटी मिरच्या लागल्या तेव्हा त्यांनी साधनाबाईंना खुर्चीसकट दाराशी आणून दाखवल्या. त्या बघतच राहिल्या. निदान मला तरी तसं वाटलं.

आता खरी कसोटी होती. मित्रांनो, इथे ऊन रग्गड, पण हवा ओलीकिच्च, आणि दुपारी पाऊस कधी येईल याचा नेम नाही. उद्धवराव मला घेऊन खाली हिरवळीवर स्टूल टाकून बसायचे. साळुंक्या हाकलायच्या आणि आभाळाकडे बघायचं. शेजारच्या लिम आंटी तिथेच संत्र्याच्या साली वाळवायच्या. त्या ओरडायच्या, "अंकल, रेन कमिंग! फास्ट, फास्ट!" की हे मला छातीशी धरून लिफ्टकडे पळत सुटायचे. सत्तरी उलटलेला माणूस, धाप लागायची हो त्यांना.

पहिल्या घाण्याला बुरशी आली. सगळ्या मिरच्या कचऱ्यात गेल्या. अनघा म्हणाली, "बाबा, ओव्हनमध्ये वाळवू या."

"ओव्हनची तिला लगेच कळेल. पुन्हा बाजारची म्हणेल."

दुसरा घाणा बरा निघाला. मिरच्या सुरकुतल्या, पिवळट झाल्या, ताकाचा आंबूस वास सुटला. तेव्हा साधनाबाई थोडंफार खात होत्या. अनघा एका सकाळी म्हणाली, "बाबा, आज दोन तळू का? आई आज बऱ्या आहेत."

उद्धवरावांनी एक मिरची बोटात धरली. "वाकतेय अजून. कच्ची दिली तर ती मला बोलेल."

लिम आंटींनीही एक हातात घेऊन बघितली आणि इथल्या सवयीने शेवटी 'लाह' जोडून म्हणाल्या, "इनफ ऑलरेडी लाह, अंकल. फ्राय अँड गिव्ह हर."

"टुमॉरो," हे म्हणाले. मग उद्या पाऊस आला. परवाही आला. ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही, म्हणून सरळ सांगते, मला त्यांचा भयंकर राग यायचा. अहो, ती बोलेल म्हणून कसले घाबरता? बोलली तर सोनं होईल! पण त्यांना तिच्यासमोर अगदी तिच्या पसंतीचीच मिरची ठेवायची होती.

पाऊस चालूच होता, तेव्हा एका दुपारी साधनाबाईंना वरणाचा ठसका लागला. ताप चढला, हॉस्पिटल झालं. घरी आल्या तेव्हा सगळं मऊ, गाळलेलं द्यायचं होतं, आणि नुसत्या पाण्यानेही ठसका लागेल म्हणून पाणीसुद्धा पावडर घालून दाट केलेलं. डॉक्टरांनी कुरकुरीत, तिखट, सुकं सगळं कायमचं बंद केलं होतं.

त्याच आठवड्यात आभाळ उघडलं आणि मिरची कट्कन मोडली. हातातोंडाशी आलेला घास गेला तो असा.

उद्धवरावांनी तरीही तळल्या. एक मिरची वाटीतल्या दह्यात चुरून ते खुर्चीपाशी गेले. अनघाने त्यांचा हात धरला.

"बाबा, नको. ठसका लागेल."

"नुसती जिभेला लावतो गं."

"बाबा, त्या गुदमरतील." अनघा रडत होती, पण तिने हात सोडला नाही.

मग त्यांनी वाटी साधनाबाईंच्या नाकाजवळ धरली. "साधना, घरची आहे गं. मी केली." साधनाबाई समोरच्या पंख्याकडे बघत राहिल्या. उद्धवरावांनी बराच वेळ वाटी तशीच धरून ठेवली होती.

साधनाबाई फार दिवस राहिल्या नाहीत. कुंड्यांना पाणी घालणं थांबलं, रोपं वाळून गेली. बाकीच्या मिरच्या बरणीत भरलेल्या आहेत. त्या कुणाला खाववत नाहीत आणि टाकवतही नाहीत. उद्धवराव दिवसभर कॉट धरून असतात. आता तेही जेवताना कुरकुर करतात, आणि अनघा दारात उभी राहून बघते.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा, असं काहीतरी मी तुम्हाला सांगायला हवं. पण माझं जाऊ द्या. तुमच्या घरात कुणी काही मागितलं, तर ते कच्चं असो, वाकडं असो, जसं असेल तसं त्याच दिवशी त्याच्या पानात वाढा. हे मी उद्धवरावांना त्या हिरवळीवर रोज सांगत होते. पण परातीचं कोण ऐकतं?