पाठ दाबून बघणारा

कन्नडच्या आठवडी बाजारात खंडेराव बोकडाची पाठ दाबून भर गर्दीत सांगायचा, “अंगात मांस नाय, मिठाचं पाणी पाजून पोट फुगवलंय!” लबाड व्यापारी त्याला बघूनच वाट बदलायचे. तोच खंडेराव आज डॉक्टरांचा रिपोर्ट मुठीत धरून संभाजीनगरच्या एका जिममध्ये उभा होता.

त्याच्या चोवीस वर्षांच्या पोराला, शिवराजला, इथल्या ट्रेनरनं वर्षभर स्टेरॉइडची इंजेक्शनं टोचली होती. बाहेरून आयतं मिळाल्यावर शरीरानं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायचंच सोडलं, असं डॉक्टर म्हणाले. आता पोरगा दिवसभर गोधडीत पडून असायचा. पुढं मूलबाळ होईल का, या प्रश्नावर डॉक्टर नुसतं “बघू” म्हणाले होते.

“काय टोचलंस रं माझ्या लेकराला?” खंडेराव गरजला.

“काका, सगळेच घेतात,” ट्रेनरनं मोबाइलमधून मानही वर काढली नाही.

“बोकड फुगवणाऱ्याला आम्ही चारचौघांत जोड्यानं हाणतो! तू तर माणूस फुगवलास!”

ट्रेनरनं भिंतीवरच्या शिवराजच्या उघड्या अंगाच्या फोटोकडं बोट केलं. “तेव्हा लई खूश होता की तुम्ही! सोयरिकीत दाखवायला हाच फोटो मागून नेला होता ना?”

खंडेरावनं फोटो भिंतीवरून ओरबाडून काढला, टराटरा फाडला. तुकडे त्याच्या हातातच राहिले. याच हातानं तो गावभर पोराची पाठ थोपटत हिंडला होता. दाबून मात्र एकदाही बघितली नव्हती.