ठ चा दांडा

तिचे पत्र येऊन तीन वर्षे झाली. मी उत्तर दिले नाही. विसरलो असे म्हणता येणार नाही, कारण ते पत्र मी वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवले होते आणि तेव्हापासून ते पुस्तक एक पानही पुढे गेलेले नाही.

आम्ही एकाच कचेरीत आरेखनाचे काम करायचो. एका इस्पितळाच्या भिंतींवर टाइलची अक्षरे बसवायची होती. कारखाना चारच साचे देणार होता: चौकोन, पाव गोल, तिरका आणि अर्धा. चौकटींच्या कागदावर एक घर म्हणजे एक टाइल. एवढ्यातून सगळी अक्षरे जुळवायची. मी जुळवली, ठ सोडून. ठ चे पोट चार घरे रुंद आणि वरून येणारा दांडा एक घर. चारांच्या मधोमध एक बसणार कसा? कुठल्याही बाजूला ठेवला तरी अक्षर कलंडायचे. पोट तीन घरांचे केले तर आतले भोक बुजल्यासारखे दिसे, पाच केले तर ते शेजारच्या अक्षराच्या अंगावर जाई. आठ दिवस मी त्यातच अडकलो.

ती माझ्या हाताखाली कागदी तुकडे कापायची. वडील गवंडी. वाकडे काही खपत नसे म्हणून सगळे तिला ‘ओळंबा’ म्हणत.

“सर, भिंतीत वरचा थर अर्ध्या विटेनं सरकवतातच ना,” ती कागदावर पेन्सिलीने आकृती काढत म्हणाली. “दांड्याची ओळ अर्धं घर सरकवा. टोकांना अर्ध्या टाइल लावल्या की झालं.”

पुढे या पद्धतीवर मी पुस्तिका लिहिली. ‘अर्ध्या घराची सरक मला सुचली’ असे त्यात छापले आहे. लिहिताना हात अडखळला नाही, हे जास्त टोचते.

पत्रात तिने लिहिले होते: ‘मुलगी हेच काम शिकतेय. तुमची पुस्तिका तिला अभ्यासाला आहे. ती सरक माझी, असं म्हटलं तर हसली. म्हणाली, आई, काहीही सांगतेस. मला नाव छापून नको. तिच्यासाठी एक ओळ लिहाल?’

मी लिहायला बसायचो. प्रत्येक मसुद्यात ‘आपण सर्वांनी मिळून’ कुठून तरी घुसायचे.

“एका ओळीसाठी एवढे कागद?” बायको म्हणाली. “एव्हाना कादंबरी झाली असती.”

गेल्या सोमवारी डोळे दाखवायला त्याच इस्पितळात गेलो. ‘पाठीचे विकार’ या अक्षरांपाशी एक कारागीर शिडीवर चढून ठ ची निखळलेली अर्धी टाइल बसवत होता.

“आजोबा, बाजूला व्हा. डोक्यात पडेल.”

“अवघड आहे का?”

“छे. वीटकामच हे. ज्यानं काढलं तो गवंड्याच्या घरचा असणार. शिकल्यासवरलेल्यांना हे सुचत नाही.”

“मुलगी होती,” मी म्हणालो. “गवंड्याची.”

“मग बरोबर,” म्हणून तो कामाला लागला.

मी तसाच घरी आलो.

“काय म्हणाले डॉक्टर?” बायकोने विचारले.

“दाखवलेच नाहीत डोळे.”

“मग इतका वेळ काय बघत होतात?”

मी टेबलापाशी बसलो. पत्र तिच्या मुलीलाच लिहिले. ‘अर्ध्या घराची सरक तुझ्या आईची. मी ती माझी म्हणून छापली. ते खोटं होतं.’ क्षमेची ओळ लिहून खोडली; ती वाचली की तिच्या आईला मोठेपणा दाखवावा लागला असता. आईच्या हातची ती मूळ आकृती, पेन्सिलीच्या खुणांसकट, सोबत घातली. इतकी वर्षे ती माझ्याच खणात होती, हेही लिहिले.

टपालपेटीच्या तोंडाशी पाकीट धरून मी उभा राहिलो. मागे एक बाई खोळंबल्या होत्या.

“टाकताय ना, आजोबा?”

टाकले.