चार वायरी, चोवीस तऱ्हा

“एका वेळी एकच. एक वायर काढायची, तिचा प्लग बदलायचा, वायर होती तिथं बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा...” हा आवाज तिला ऐकू आला तेव्हा चौथी वायरही तिच्या हातात आली होती; आणि आवाज तर अकरा वर्षांपूर्वीचा, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातला — नवरा बॉनेटखाली वाकून शिकवत होता, ती पाने हातात देत उभी होती आणि बघत होती त्याच्या मानेवरच्या घामाकडे. शिकवणारा शिकवत राहिला, शिकणारीचं लक्ष भलतीकडेच. आता तेच बॉनेट उघडं, आणि चार काळ्या वायरी इंजिनावर माना टाकून पडलेल्या. कुठली कुठे होती? एकीचंही ठिकाण आठवेना.

नवे प्लग तरी तिनं जपून बसवले होते, आटे चुकू नयेत म्हणून आधी नुसत्या बोटांनी फिरवत, श्वास धरून, मग पान्यानं जरासे आवळून. त्या पाऊण तासात तिला काही म्हणजे काही आठवलं नव्हतं, आणि हवं होतं ते एवढंच. पण त्याआधी... सगळं एकदम उपटून मोकळं व्हायचं, ही तिची अलीकडचीच खोड.

“अगं बाई, चारही दाढा उपटल्यास की गाडीच्या!” सासूबाई काठी टेकत दारात आल्या होत्या. पायरीवरच्या फडक्यावर जुने चार प्लग काजळलेल्या तोंडांनी आडवे होते. “दातांचा डॉक्टरसुद्धा एकेक काढतो गं.”

“तुम्ही कशाला उठलात, आई? उद्या सकाळी ऑपरेशन आहे, पडून राहा म्हटलं होतं ना.”

“डोळ्याचं आहे, पायाचं नाही.” त्या खुर्चीत बसल्या. जन्मभर शिवणकाम केलेली बोटं लगेच पदराचा काठ चाचपू लागली. “कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला हाक मारली असतीस तर...”

“तो वेळ लावतो.”

वेळ लावत नसे तो. विचारत असे. पाना फिरवता फिरवता, मान वर न करता — वहिनी, दादा कधी येणार? — आणि दर वेळी ताजं उत्तर कुठून आणायचं?

आठ महिन्यांपूर्वी नवरा दाराशी बुटाच्या नाड्या बांधत होता. नाड्यांकडे बघतच म्हणाला, मी आता परत यायचा नाही, तिकडे माझं दुसरं बिऱ्हाड आहे. आईला ठाऊक नाही. तिला सोसणार नाही. सांगायचं तर तू सांग... सांगावं तर तोंड भाजतं, न सांगावं तर पोट. तिनं पोट भाजून घेतलं. कंपनीनं लांबच्या साइटवर पाठवलंय, आई. रेंज नसते. फक्त रविवारी. मग दर रविवारी फोन घेऊन मागच्या बाजूला जायचं, भिंतीशी उभं राहायचं, आणि आत येऊन त्याची खुशाली सांगायची. कधी सर्दी झालीय, कधी कामाचा ताण आहे, कधी तुमची आठवण काढत होता. तिची बहीण दोनदा येऊन गेली. चल माझ्याकडे, शाळा काय तिकडे नाहीत? गणित शिकवणारीला कुठंही नोकरी मिळते. ती गेली नाही. म्हातारीला टाकून कशी जाऊ? नवऱ्याचं जाणं तिच्या अंगावर कोसळलं होतं. थांबणं मात्र तिचं तिनं ठरवलं होतं. पहाटे जाग आली की ती ते हातानं चाचपून बघे — हे माझं, हे कुणी मला दिलेलं नाही, कुणी नेऊही शकत नाही — आणि मगच तिला उठता येई.

तिनं अंदाजानं वायरी लावल्या आणि किल्ली फिरवली. गाडी अंगात आल्यासारखी थरथरली, मागून फाटकन आवाज निघाला, बंद पडली. दोन वायरी बदलल्या. पुन्हा तेच.

“चार वायरी, चोवीस तऱ्हा,” ती कपाळ पुसत म्हणाली. कपाळाला काळा पट्टा उमटला. “त्यातली एखादी बरोबर.”

“चोवीस कशाला? त्याला विचार की. आज रविवारच आहे.”

तिच्या हातातला पाना तसाच राहिला.

“रेंज नसेल, आई.”

“रविवारी असते ना.” सासूबाईंचा आवाज साधा, भाजी निवडताना असतो तसा.

मागच्या बाजूला जायला आज सबब नव्हती. वायरी इथं होत्या. तिनं फोन कानाला लावला. “हं, मी बोलतेय... अरे, एक घोळ झालाय. वायरी सगळ्या एकदम काढल्या मी...” कानात काही नव्हतं. आठ महिने ती काहीही सांगत आली होती, शब्दांना कुठं काय लागतं? पण आज तो जे म्हणेल ते तिच्या हातांना करावं लागणार, आणि इंजिनाला ते पटावं लागणार. इंजिनाला कुणाची भीड नसते. “सगळ्यात डावीकडची? हो... ती पहिल्या प्लगला... आणि लांबवाली?...” तिचा हात एका वायरीपाशी गेला आणि तिथंच थांबला. ती तशीच उभी राहिली, हं हं म्हणत.

“ठेव तो फोन,” सासूबाई म्हणाल्या. “पलीकडे कुणी नाही. मला ठाऊक आहे.”

क्षणभर आत काहीतरी सैल झालं. आता रडू येईल, दोघी रडू, मग चहा करू, असलंच काहीतरी तिच्या मनात आलं. पण म्हातारी तिच्याकडे बघत नव्हती. बोटं पदराच्या काठावरून पुढं सरकत होती.

“तुझ्या आधी पंधरा दिवस त्यानं मला सांगितलं. चिठ्ठी ठेवून गुपचूप जाणार होता. मी रडले, पाया पडले त्याच्या. ऐकेना. मग म्हटलं, जायचंच तर जा, पण तिला तोंडानं सांगून जा. आणि सांगताना म्हण, आईला ठाऊक नाही, तिला सोसणार नाही.”

नाड्या बांधणारी ती बोटं... ते वाक्य... म्हणजे तेही त्याचं नव्हतं. तिला वायरी दिसत होत्या, आणि दिसत नव्हत्या. पहाटे पहाटे चाचपून बघितलेलं ते एवढंसं थांबणं, आपलं म्हणून उराशी धरलेलं, आता उलटं करून कुणीतरी तिच्या पुढ्यात धरलं होतं, आणि आतल्या बाजूनं दुसऱ्याच हाताची टिपेची शिवण, बारीक, सरळ, एकही टाका न चुकलेली.

“का, आई?”

“मी तुला ओळखते गं,” सासूबाई म्हणाल्या. “तेवढं कानावर पडलं की तू मला टाकून जाणार नाहीस, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.”