टँजियरचा समुद्र

गंगारामने जमिनीवर मांडलेल्या अकरा चिंचोक्यांपैकी एकच उभा होता, सारवणाच्या भेगेत रोवलेला. तो मोरोक्कोतल्या टँजियर शहरातला मशिदीचा मनोरा. बाकीचे आडवे, ती गल्ल्यांमधली घरं. त्यांच्या उत्तरेला त्याने कोळशाने समुद्र काढला.

"समुद्र तिकडे कसा?" येसूचे सासरे तात्या म्हणाले. "समुद्र मावळतीलाच असतो."

"तिथे उत्तरेला आहे, तात्या. मीपण फसलो. बंदर गाठायचं म्हणून मावळतीकडे चालत सुटलो, नि तीन तास फिरून फिरून त्याच निळ्या दाराशी!"

"डोळे आहेत की करवंट्या?"

गंगाराम हसला. येसूला नवऱ्याचं काही उमगेना. हरवल्याचं सांगताना माणूस हसतो कसा? बोट सुटली असती तर? महिनाभर तो तिला विचारत होता, रत्नागिरी बंदरातली कारकुनी घेऊ की पुन्हा बोटीवर जाऊ. तू म्हणशील तसं करतो. उद्या कळवायचं होतं. घरी राहा, एवढंच तिला म्हणायचं होतं, पण ते तोंडून निघत नव्हतं.

"मग वाट कोणी दाखवली?" तिने विचारलं.

"दाखवत होते, मीच नको म्हटलं. म्हटलं, अजून एक गल्ली बघू. मग अजून एक."

कारकुनीबद्दल तो असा एकदाही बोलला नव्हता. येसूचा गोंधळ काही सरला नाही, तरी ती बोलली.

"कारकुनी नको. तुम्ही बोटीवरच जावा."